दिवाळी कमावणारं गाव

(दृश्य: सकाळचे आठ. पत्र्याची शेड, अर्धं वर गेलेलं शटर. आत पत्रा दाबून आकार देणारी पॉवर प्रेस, त्यावर झेंडूचा ताजा हार.)

१७ सप्टेंबर २०२५. वाळूज एमआयडीसीतल्या या शेडमध्ये आज पहिला तासभर मशीन चालू व्हायचं नाही. प्रेसला हार घातलाय, टेबलावर हळदीकुंकू वाहिलंय, आणि नारळ कुठं फोडायचा यावर चर्चा चाललीये. डायवर, म्हणजे साच्यावर, फोडला तर मालक ओरडेल.

इथून पंधरा किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात, याच सकाळी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आहे. १९४८ साली या तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. पण शेडमधली पूजा त्याची नाही. ही मांडलीये बिहार आणि उत्तर प्रदेशच्या पोरांनी, आज त्यांची विश्वकर्मा पूजा. मराठी ऑपरेटर बाजूला उभा राहून बुंदी खातो आणि म्हणतो, "आमची अजून पंधरा दिवसांनी."

त्याची म्हणजे खंडेनवमी. तेव्हा याच प्रेसला दुसरा हार पडेल. पंधरा दिवसांत दोनदा पूजा होते हिची. एरवी वर्षभर वेळेवर ग्रीस मिळालं तरी पुष्कळ.

(दृश्य: नगर रोड, शिफ्ट सुटल्याची गर्दी. दुचाक्या, कंपनीच्या बस.)

हे बजाजनगर. पत्ता विचारला तर इथं गल्लीचं नाव सांगत नाहीत, आरएच, आरएल, आरएम असं काहीतरी आणि पुढं नंबर सांगतात. कारखान्यांसाठी जमीन घेतली, तशीच कामगारांच्या घरांसाठीही प्लॉट पाडले, त्या प्लॉटांची ही अक्षरं. १९८५ साली बजाजचा कारखाना इथं सुरू झाला आणि त्याच्यामागं सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या. इथं चार माणसांच्या शेडलाही कंपनीच म्हणतात. मग माणसं आली. गंगापूर-वैजापूरची तर आलीच, पण बीड, परभणी, हिंगोली, लातूर, बुलडाणा, जळगाव, सगळीकडची. रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर (विठोबाचं नव्हे, इथलं) ही आजूबाजूची गावं फुगत फुगत एकमेकांना चिकटली.

चाळीस वर्षं झाली. इथं जन्मलेली पोरं आता इथंच कामाला लागलीत. तरी कुणालाही विचारा, "गाव कोणतं?" बजाजनगर म्हणून कुणी सांगत नाही. सेनगाव सांगतील, गेवराई सांगतील, परतूर सांगतील.

(दृश्य: रस्त्याकडेला पोत्यावर मातीचा ढीग. शेजारी पत्रावळ्या, सुगडं, धान्याच्या पुड्या.)

ही बघा, माती विकायला आलीये. घटाची माती. वावरातली काळी माती चाळून, पिशवीत भरून, दहा-वीस रुपयांना. घेणारा गडी लातूरकडचा आहे, त्याच्या बापाचं चार एकर वावर आहे आणि तो इथं दुसऱ्याच्या वावरातली माती विकत घेतोय. त्यानं पिशवीत हात घातला, ढेकूळ फोडलं, बोटांत चोळलं. "चोपणीची आहे," म्हणाला, म्हणजे खारवट, चिकट. मग दुसरी पिशवी बघितली. विकणाऱ्या मावशी हसल्या. "उगवती बरं का दादा, नऊ दिवस टिकली म्हंजे झालं."

औंदा नऊ दिवसांवर भागणार नव्हतं. तिथी वाढल्यामुळं घट दहा दिवस बसले. २२ सप्टेंबरला घटस्थापना, आणि योगायोग असा की त्याच दिवसापासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाडीचे सुटे भाग करणाऱ्या या वसाहतीत ही बातमी देवीच्या आरतीइतकीच चर्चेत होती. मागणी वाढली की ओव्हरटाइम वाढतो, एवढा हिशेब इथं सगळ्यांना येतो.

(दृश्य: पहाटेचे साडेतीन. अनवाणी चालणारी माणसं.)

नवरात्रात पहाटे नगर रोड वेगळा दिसतो. गोलवाडी, छावणी, नगर नाका, आणि मग कर्णपुरा. दहा-बारा किलोमीटर चालून माणसं तुळजाभवानीच्या दर्शनाला जातात. बिकानेरच्या कर्णसिंह राजाच्या नावावरून हा कर्णपुरा, आणि नवरात्रातली तिथली यात्रा अख्ख्या शहराची. पाळणे, मौत का कुआँ, रेवड्या, बांगड्या. पण पहाटे चालणाऱ्यांना यात्रेशी देणंघेणं नसतं. त्यांना दर्शन करून सातच्या फर्स्ट शिफ्टला पोचायचं असतं. गेटवर पंचिंग करताना कपाळावर कुंकू आणि पायात सेफ्टी शूज. मळलेल्या पायांवर तसेच चढवलेले.

संध्याकाळी मैदानावर दांडिया असतो. मोठे स्पीकर, बक्षिसं, प्रायोजकांचे फलक. त्यात मला फार रस नाही. मला मागच्या गल्लीत जायचंय.

(आवाज: संबळ. मागोमाग तुणतुणं.)

ही देवीच्या आराध्यांची गाणी. गळ्यात कवड्यांची माळ, हातात पोत, म्हणजे देवीची मशाल. तेल पाजलेला पोत हलला की भिंतीवरच्या सावल्या हलतात. गाणाऱ्या चौघींपैकी दोघी दिवसा असेंब्ली लाइनवर उभ्या असतात, एक डबे करून देते. गाणं धाराशिवकडचं, हेल धाराशिवचा, आणि समोर बसलेली बुलडाण्याची बाई ते पाठ असल्यासारखी मान हलवतीये. तिच्या घरात कोपऱ्यात भुलाबाई बसवलीये, कोजागिरीपर्यंत. पलीकडच्या चौकाला मोहटादेवी चौक म्हणतात, कारण पाथर्डीकडची माणसं येताना आपली देवीही घेऊन आली. मोकळ्या हातानं इथं कुणी आलेलं नाही.

"आई राजा उदो उदो" म्हणून गाणं थांबलं, आणि कुणाचा तरी फोन वाजला.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर पुराचा व्हिडिओ. भोवती चार-पाच डोकी.)

ते आठ-दहा दिवस फोन असेच वाजत राहिले. परंडा, भूम, गेवराई, लातूर, नांदेड. पाऊस थांबेना. नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाचे, दरवाजे उघडले, पैठणमध्ये माणसं हलवावी लागली. इथं बजाजनगरात पाऊस म्हणजे रस्त्यावरचं तळं आणि भिजलेला मंडप. तिकडं मात्र कापणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं. शेंगेतच दाण्याला कोंब फुटले.

शहरातल्या माणसाला वाटेल, कारखान्याच्या वसाहतीला सोयाबीनचं काय एवढं? मीही पूर्वी असंच समजायचो. या कापडवाल्याला विचारा. गल्ल्यावर बसूनच त्यानं मला समजावलं. इथल्या घराला दोन खिसे असतात, एक कंपनीचा, एक वावराचा. वावर पिकलं तर बोनस दुकानात येतो. वावर बुडालं तर बोनस गावाला जातो, बियाणाच्या उधारीला, सोसायटीच्या कर्जाला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. भिजलेला माल तिथं कोण घेणार? मोंढ्यात नेला की व्यापारी मूठ भरून वास घेतो आणि भाव पाडतो. तो वास इथपर्यंत येतो, असं कापडवाला म्हणाला. आणि समोरची साडी घडी करून परत फडताळात ठेवली.

ज्यांनी ती साडी परत दिली ते नवरा-बायको हिंगोलीकडचे. बाई म्हणाल्या, "औंदा आपलं राहू द्या भाऊ. फक्त लेकरायला घेऊ." लेकरांना घेतलं. मोठ्याला दोन मापं मोठं घेतलं, पुढच्या दिवाळीला पण येईल म्हणून.

(दृश्य: दसरा. मशीनवर दुसरा हार, लिंबू-मिरची. गेटबाहेर झेंडूचे ढीग.)

१ ऑक्टोबरला खंडेनवमी झाली. प्रेसला कुंकू लावणाऱ्या माणसाच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. कसं गेलं ते विचारायची गरज पडत नाही, याच मशीनवर. त्यानं त्याच बोटानं कुंकू लावलं. कॅमेरा बघून हात मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि गांधी जयंतीही. दोन सुट्ट्या एकाच दिवशी आल्या, म्हणजे एक बुडाली, याचं दुःख वसाहतीला पुरापेक्षा कमी झालं असेल, पण झालं. झेंडू भिजून काळवंडलेला. गंगापूरकडच्या शेतकऱ्यानं टेम्पोभर आणला होता, चांगली फुलं वर आणि बाकीची खाली, हे गिऱ्हाइकालाही कळत होतं. कुणी बोललं नाही. किलोभर घेतला, सोनं दिलं, पुढं गेले.

कोजागिरीचं दूध गच्चीवर आटलं. चंद्र ढगात होता.

(दृश्य: नोटीस बोर्ड. काचेमागं एक कागद.)

आता सगळ्यांचं लक्ष या काचेकडं. बोनस. ८.३३ टक्के हा आकडा इथं शाळकरी पोरालाही पाठ असतो. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे साधारण एक पगार. तेव्हा लागू असलेल्या १९६५ च्या बोनस कायद्यात ही किमान मर्यादा होती, कमाल २० टक्के. त्यातही मेख अशी, की हिशेब पूर्ण पगारावर व्हायचा नाही. महिन्याला सात हजार किंवा त्या कामाचं किमान वेतन, यातलं जे जास्त, तेवढंच धरायचे. परमनंट माणसाला युनियनच्या करारानं वर काहीतरी मिळतं. ठेकेदाराकडच्याला काय मिळतं ते ठेकेदारावर. मी दोन वर्षं एका ठेकेदाराकडं होतो. पहिल्या दिवाळीला सही घेतली आणि सोनपापडीचा डबा दिला. सोनपापडी मला अजून जात नाही.

(दृश्य: रो-हाउसची पार्किंग. पत्र्याच्या शेगड्या, मोठी कढई. सहा बायका.)

बोनसचा पहिला पैसा इथं येतो. बचत गटाचा फराळ. गिऱ्हाईक कोण, तर ड्युटीवाल्या बायका. त्यांना चकलीची भाजणी भाजायला वेळ नाही, आणि विकतची चकली नवऱ्याच्या आईला चालत नाही. म्हणून हा मधला मार्ग, घरची पण आपल्या घरची नाही.

चिवडा, शेव, शंकरपाळे झटपट होतात. खरा जीव जातो अनारशात. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग निथळून फडक्यावर सावलीत वाळवायचा. पूर्ण वाळला तर बिघडला, ओला राहिला तरी बिघडला. औंदा हवेत ओल इतकी की फडकं पंख्याखाली पसरून रात्रभर राखण केली. मग कुटायचा, चाळायचा, गूळ मिसळून गोळा मुरवत ठेवायचा. आता थापताना बघा, खसखस खालच्या बाजूला. तेलात सोडला. सगळ्याजणी कढईकडं बघतायत, बोलणं बंद. अनारसा फुटून तेलभर पसरला.

"हसला गं बाई."

पीठ सैल झालं होतं. एकीनं थोडी कोरडी पिठी घातली, पुन्हा मळलं. दुसरा टाकला. जाळी पडली, कड लाल झाली, झाऱ्यावर उभा राहिला. तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं. तो हसलेला अनारसा आम्हाला वाटीत दिला. विकायला चालत नाही, खायला सगळ्यात चांगला तोच.

(दृश्य: ए. एस. क्लबचा चौक. पिशव्या, पोती, झोपलेली पोरं.)

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. वसाहत निघाली. बीडकडची माणसं या चौकात हात दाखवत उभी. जालना-परभणीकडची सिडको बसस्टँडला. दुचाकीवर नवरा, बायको, दोन लेकरं आणि पुढं टाकीवर फराळाचा डबा. हा हिंगोलीवाला सुट्टीवर चाललाय असं वाटतं का? नाही. "कापूस वेचायचाय. जेवढा राहिलाय तेवढा," तो म्हणाला. पहिल्या वेचणीची सीतादही, म्हणजे कापसाची पूजा, त्याची आई एकटीनंच करून बसली होती, दहीभात ठेवून. आता बाकीचं यानं करायचं.

(दृश्य: २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन. बंद घरांची रांग. आवाज नाही.)

ही बजाजनगरची लक्ष्मीपूजनाची रात्र. या रांगेत चौदा घरं, अकरांना कुलूप. काहींनी जाताना आकाशकंदील लावून ठेवलाय, शेजाऱ्याला बटण दाखवून. हे राहिलेले मामा रोज संध्याकाळी सात घरांचे दिवे लावतात आणि रात्री दहाला बंद करतात. "बिल त्यायचं, पुण्य माझं," असं म्हणून हसतात. दुकानं उघडी आहेत. लाह्या-बत्तासे, केरसुण्या उरल्यात. कापडवाला पूजा मांडून बसलाय, गल्ल्याला हळदीकुंकू. गिऱ्हाईक नाही. महिनाभर ज्यांच्यासाठी माल भरला ती माणसं दिवाळी पिशवीत घालून घेऊन गेली.

शेडच्या वरच्या खोलीत मात्र उजेड आहे. बिहारची पोरं आहेत, त्यांना गाडीचं तिकीट मिळालं नाही. त्यांची छठ अजून सहा दिवसांवर आहे. एकानं ठेकुएसाठी, म्हणजे छठच्या गोड प्रसादासाठी, गूळ आणलाय. गिरणी बंद, म्हणून गव्हाच्या पिठाची पिशवी मामांनी दिली.

(दृश्य: आठवड्यानंतर. सकाळ. चौकात बसमधून उतरणारी माणसं. पोती परत आली, आता दुसऱ्या मालानं भरलेली.)

ज्वारी. तूर नाही, ती अजून शेतात. वाळलेल्या मिरच्या, एका पिशवीत आईनं दिलेलं लोणचं, झाकण सुटून सांडलेलं. हिंगोलीवाल्याच्या तळहाताला बोंडांचे ओरखडे. सोयाबीनचं विचारलं तर हात हलवला.

शेडचं शटर वर गेलं. प्रेसवर दोन्ही हार तसेच, वाळून तपकिरी झालेले. बोटाचं पेर नसलेल्या माणसानं ते काढले, कपाळाला लावले, कचऱ्यात न टाकता खिडकीत ठेवले. मग डायवरची एक पाकळी फुंकून उडवली आणि पायडलवर पाय ठेवला.

(आवाज: पहिला ठोका.)