वाळवीने भुसभुशीत केलेली जमीन

ही आखूड दांड्याची कुदळ ज्या जमिनीवर पुन्हा पुन्हा आपटते आहे, ती पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाच्या उत्तरेकडची, यातेंगा प्रांतातली आहे. वरची खपली इतकी टणक आहे, की पाऊस पडला तरी पाणी आत न शिरता वरच्यावर वाहून जाते. १९७० च्या दशकात सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला पसरलेल्या साहेल या कोरड्या पट्ट्यात दुष्काळामागून दुष्काळ पडले आणि अशा उजाड माळांवर पेरणी करणेच लोकांनी सोडून दिले होते.

खड्डे खणण्याचे काम कोरड्या दिवसांत, पहिल्या पावसाच्या कितीतरी आधी चालते. टणक जमिनीत छोटे खड्डे खणून त्यांत पेरणी करण्याची ‘झाई’ ही पद्धत इथे जुनीच आहे. गुर्गा गावचे शेतकरी याकुबा सावादोगो यांनी १९८० च्या सुमारास तिच्यात बदल केला: खड्डा अधिक रुंद आणि खोल घेतला, आणि पावसाळ्याची वाट न पाहता त्यात शेणखत व पालापाचोळा भरून ठेवायला सुरुवात केली. कोरड्या दिवसांत माती उकरणारा हा माणूस तेव्हा गावाला वेडा वाटला होता.

आता खड्ड्याच्या तळाकडे नीट पाहावे. खताच्या वासाने वाळवी आली आहे. आपण एरवी जिला पिकाची शत्रू मानतो, ती वाळवी पालापाचोळा खात खात खपलीखाली असंख्य बारीक बोगदे पोखरते, आणि पुढे पडणारा पाऊस त्याच वाटांनी खाली उतरून मुळांजवळ मुरतो. त्यामुळे पावसाने मध्येच ओढ दिली, तरी ज्वारी-बाजरीचे कोवळे रोप काही दिवस तग धरू शकते. शेणातून आलेल्या झाडांच्या बियाही याच ओलीत रुजतात. सावादोगो यांनी ती रोपे उपटली नाहीत, राखली, आणि त्यांच्या माळावर जंगल उभे राहिले.

शेताच्या उतारावर आडव्या मांडलेल्या या दगडांच्या रांगा समपातळीवर आहेत. त्या पाणी अडवत नाहीत, त्याचा वेग मोडतात, आणि वाहून चाललेली माती मागे साचू देतात.

एका हेक्टरात असे दहा हजारांहून अधिक खड्डे बसतात आणि ते हाताने खणायला शेकडो तास लागतात. हे श्रम फार आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय या पद्धतीचे कौतुक करणे योग्य होणार नाही. तरीही हवामानबदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीचा विचार महागड्या यंत्रांपासून सुरू करणाऱ्यांनी हे शेत आधी पाहावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

पडीक जमिनी पुन्हा पिकू लागल्या आणि ही पद्धत शेजारच्या नायजरमध्येही पसरली. सावादोगो यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

पहिली सर येऊन गेली आहे. एकेका खड्ड्यात चिमूटभर दाणे पडत आहेत, आणि टाच त्यावर माती लोटते आहे.