आखाड की दसरा

(माण तालुका. श्रावणातली सकाळ. माळावर दव. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, उभी मेंढरं.)

सात वाजून गेलेत. ऊन माळावर उतरलंय, पण वाघर अजून उठलेली नाही. आत दीडेकशे मेंढरं ओरडतायत आणि आबा दगडावर बसून निवांत तंबाखू मळतायत. पुण्याहून गाडी करून आलेल्या आमच्यासारख्याला वाटावं, म्हाताऱ्याला आज कामाचा कंटाळा आलाय.

शेवटी विचारलंच. आबा म्हणाले, "दव उठल्याबिगर सोडायची न्हाईत. वल्लं गवात पोटात गेलं का जंत व्हत्यात."

आबा शाळेत गेलेले नाहीत, पण पशुवैद्यक हेच सांगतात. लेंडीतून बाहेर पडलेल्या जंताच्या अळ्या ओल्या पात्यावरून वर चढतात. ऊन तापून पातं सुकलं की त्या बुडख्याकडं, ओलीकडं सरकतात. म्हणून मेंढरू उशिरा सोडायचं आणि गवत अगदी मुळापर्यंत खाऊ द्यायचं नाही. बुडख्याची चार बोटं राहिली पाहिजेत. त्याच चार बोटांतून गवत पुन्हा फुटतं.

(जवळून : आबांचा अंगठा मेंढीची खालची पापणी उलटतो.)

आता हे बघा. पापणी आतून लालभडक असली तर मेंढी ठीक. फिकी गुलाबी असली तर आबा तिच्या कपाळाला गेरूचा ठिपका लावतात. संध्याकाळी तिला जंताचं औषध. पांढरीफटक दिसली तर मात्र उशीर झालाय. जठरातला जंत रक्त पितो, अंगातलं रक्त कमी होतं आणि मग जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबायला लागते. वाघरीतून बाहेर पडताना प्रत्येक मेंढीचा चेहरा आबांच्या हाताखालून जातो. आज गेरूचे ठिपके निघाले चार.

सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि इथं माणात पाचशेच्या आसपास, तोही नशीब असेल तर. जून-जुलैत इथं वारंच फार. ढग डोक्यावरून निघून जातात. खरा पाऊस भाद्रपदात, परतीचा. माळावरचं गवतही त्याच्याच हिशेबानं वाढतं.

आणि याच हिशेबावर आमची ही फिल्म आहे. गावात दर वर्षी एक प्रश्न निघतो : नर आखाडात विकायचे, की दसऱ्याला?

आखाडाचं गणित सोपं आहे. श्रावण लागायच्या आधी सगळ्यांनाच मटण हवं असतं. व्यापारी दारात येतो, रोख देतो. इकडं शाळा सुरू झालेल्या असतात, पेरणीचं बियाणं आणायचं असतं. मग दिवाळीच्या पुढं-मागं जन्मलेला नर जातो. खरं तर बरेचसे त्याच्याही आधी, तीन महिन्यांचे होऊन दूध तुटतं न तुटतं तोच गेलेले असतात. पाठीवर बिऱ्हाड घेऊन कराडकडं, कोकणाकडं चारायला हिंडणारी माणसं किती कोकरं सांभाळणार?

पण आखाडातला नर म्हणजे उन्हाळा काढलेला नर. चार महिने वाळल्या काड्या, आकडीनं पाडलेल्या बाभळीच्या शेंगा, आणि पाण्यासाठी मैल मैल चाल. उंची येते, हाडं वाढतात, अंग भरत नाही. आखाडातच आबांनी एकाच्या पाठीवर आमचा हात ठेवला होता. शेवटच्या बरगडीच्या मागं, कमरेवर. कण्याची टोकं करवतीच्या दात्यांसारखी बोटांना लागली.

आता गंमत अशी, की असं उपाशी वाढलेलं जनावर हिरव्या गवतावर आलं की झपाट्यानं अंग धरतं. मागं राहिलेली वाढ ते भरून काढतं. म्हणजे आखाडात विकणारा नेमका भरायला लागलेला नर विकतो, आणि ती पुढची भरती दुसऱ्याच्या वाड्यात होते. मला विचाराल तर माणच्या मेंढपाळाचं मोठं नुकसान इथं आहे, दुष्काळाइतकंच.

रोजची वाढ सत्तर ग्रॅम धरली, तरी नव्वद दिवसांत सहा किलोच्या वर जाते. जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास मटण पडतं. म्हणजे एका नरामागं तीन किलो. तेही नुसत्या गवतावर, पेंडीचं पोतं न फोडता. अर्जेंटिनात, न्यूझीलंडमध्ये गुरं अशीच शेवटचे काही महिने राखलेल्या चांगल्या कुरणावर ठेवतात. आपल्याकडं गुरांचा तो विषय नाही. महाराष्ट्रात गायीची कत्तल आधीपासूनच बंद होती, २०१५ पासून बैल, वळू यांचीही कायद्यानं बंद आहे. पण गवताचं शास्त्र मेंढराला तेच लागू पडतं.

(माळ. आबांच्या सुनबाई दगडी ताल, म्हणजे बांध, ओलांडून मेंढरं पुढच्या तुकड्यात घालतात.)

हा माळ यांनी वर्षाच्या बोलीनं घेतलाय. तालींनी त्याचे आपसूकच आठ तुकडे पडलेत. एका तुकड्यात तीन दिवस. मग तो पुन्हा तीन आठवड्यांनी. मारवेल, पवन्या, मधे मधे हरळी. फुलोऱ्यावर यायच्या आधी या गवतात कस असतो. एकदा तुरे आले की काडी राहते.

आणि कुसळी. श्रावणात तीही लुसलुशीत असते, मेंढरं आवडीनं खातात. पण दसऱ्यानंतर तिचं बी पिकतं. सुनबाईंनी मागच्या सालचं एक कुसळ घोंगडीतून उपटून तळहातावर ठेवलं, आणि वर पाण्याचा एक थेंब सोडला. कुसळ स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागलं. ओल लागली की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा बसतो. असं फिरत फिरत ते टोकदार बी जमिनीत शिरतं. लोकरीत अडकलं तर कातड्यात शिरतं, कधी त्याच्याही आत.

म्हणजे गवतच तारीख देतं : श्रावण ते दसरा, पुढं नाही. मजा बघा, ज्या दिवसांत माळ सगळ्यात चांगला, त्याच दिवसांत माणसं मटण सोडून बसलेली. श्रावण, मग गणपती, मग नवरात्र. गिऱ्हाईक नसतं, म्हणून विकायची घाईही नको. खंडेनवमीला बाजार पुन्हा उघडतो, तोवर नर भरलेला असतो.

थांबणं सगळ्यांना जमत नाही, हेही खरं. गायरानं आकसलीत. पाणलोटाची कामं झाली त्या गावांत चराईबंदी आली. पाणी वाढलं, ते चांगलंच झालं, पण मेंढरांनी कुठं जायचं, हे त्या बैठकांत फारसं कुणी बोललं नाही. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकली तर कोवळ्या गवतावर सगळ्यात धष्टपुष्ट कोकरूच संध्याकाळी मरून पडतं. आबांची अशी दोन गेलीत, तेव्हापासून लस चुकत नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं यावर वेगळ्या बाजूनं काम केलं. सुंदरबनातली गारोळ मेंढी जुळी देते. तिच्यातलं एक जनुक त्यांनी आपल्या दख्खनी मेंढीत आणलं, आणि त्यातून 'नारी सुवर्णा' तयार झाली. हेच जनुक १७९२-९३ मध्ये बंगालमधून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांबरोबर ऑस्ट्रेलियात पोचलं होतं. जुळी झाली तर एक नर आखाडात बियाण्यापायी द्यावा, दुसरा राखावा. अर्थात दोघांना पुरेल इतकं दूध आईला यायचं, तर तिच्या पोटातही तेवढं जायला हवं.

(आटपाडीचा बाजार. खंडेनवमी तोंडावर. धूळ, टेम्पो, चहा.)

आता आपण सांगली जिल्ह्यात आहोत. २०२० साली याच आटपाडीत माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली होती. आबांनी अकरा नर आणलेत, आणि अशा बातम्यांचा त्यांना राग येतो. "त्यो शौक. ह्यो धंदा."

व्यापारी खाली बसतो. बोटं थेट कमरेवर. आखाडात जिथं आमच्या बोटांना दाते लागले होते, तिथं आता मांस दाबून हाड शोधावं लागतं. व्यापारी काही बोलत नाही, पण दुसऱ्या नराकडं जाताना त्याचा हात पहिल्याच्या पाठीवर जरा जास्त रेंगाळतो. इथं काटा नाही, माल नगावर जातो. तीन महिन्यांची वाढ तोलायला तेवढीच बोटं.

मग दोघांचे हात उपरण्याखाली जातात. आत बोटं धरली जातात, सोडली जातात. आबा मान हलवतात, हात काढून घेतात, पुन्हा घालतात. आकडा आम्हाला दिसत नाही, आणि नंतर विचारला तर आबा हसतात.

दहा नर टेम्पोत चढले. अकरावा, सगळ्यांत भरलेला, व्यापाऱ्यानं दोनदा मागितला. आबांनी त्याचं दावं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

"ह्यो न्हाई. ह्यो पुढल्या साली मेंढ्यांवर सोडायचा."