जुन्या भाड्याच्या घरात शीटखाली सापडलेली फरशी

नमस्कार मंडळी! आधी ही फरशी बघा. थांबा, कॅमेरा खाली घेते. आठ इंची चौकोन. राखाडी, मरून आणि मोतिया. चार फरश्या जुळल्या की मधोमध एक फूल पूर्ण होतं. सहा महिन्यांपूर्वी या खोलीत हे फूल कुणालाच दिसत नव्हतं.

मी नारायण पेठेत भाड्याने राहते. जुनी इमारत, लाकडी जिना. राहायला आले तेव्हा खाली चॉकलेटी विनाइल शीट होती आणि दारांवर ऑइलपेंटचे थरावर थर. एक दिवस कपाट सरकवताना शीटचा कोपरा उचलला गेला आणि खालून मरून रंग डोकावला. हातातलं काम टाकून मी तिथेच बसले.

पण लगेच शीट ओढायला घेऊ नका हं. घर आपलं नाही. मी घरमालक काकांना बोलावलं, कोपरा दाखवला, काय करणार ते चार ओळींत लिहिलं आणि त्यांची सही घेतली. साधं पुसायचंच काम आहे, पण एखादी फरशी निखळली तर नंतर बोलाचाली नको. आणि पक्कं बांधकाम करायचं मनात असेल तर जास्तच सांभाळा. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय ते केलं, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मालकाला घर परत मागायला ते कारण पुरतं.

आता ही फरशी बनते कशी? ते कळलं की ती साफ कशी करायची हेही कळतं. ही भट्टीत भाजलेली नसते. लोखंडी चौकटीत धातूच्या पट्ट्यांचा नक्षीदार साचा ठेवतात. एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचं पातळ मिश्रण हाताने ओततात. साचा अलगद उचलायचा, वरून कोरडं सिमेंट, मग वाळू-सिमेंट, आणि प्रेसचा दाब. नंतर पाण्यात मुरवायची. पूर्वी अशा फरश्या विलायतेहून यायच्या. स्वदेशीच्या दिवसांत, १९२२ मध्ये, भारत फ्लोरिंग्ज सुरू झाली आणि त्या आपल्याकडे बनू लागल्या.

म्हणजे नक्षी सिमेंटची, आणि वर काचेसारखा थर नाही. म्हणून हिला ॲसिड चालत नाही. मला एकाने सांगितलं होतं, "ताई, ॲसिड मारा, चकाचक होईल." कृपा करून मारू नका! ॲसिड सिमेंट खातं आणि रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. साधा लिंबाचा रस सांडून राहिला तरी पांढुरका डाग पडतो.

मी काय केलं? शीट हळूहळू सोडवली. चिकटून राहिलेल्या सोल्युशनवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पंधरा-वीस मिनिटं ठेवलं आणि लाकडी उलथन्याने खरवडलं. लोखंडी पत्रा लावला नाही, ओरखडा कायमचा राहतो. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि नारळाचा काथ्या. दिवसाला एक रांग, बस्स. त्याच दिवशी स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी करायची.

खिडकीजवळ आले तेव्हा दोन फरश्या बाकीच्यांपेक्षा फिक्या निघाल्या. घासून काही फरक पडेना. काका बघायला आले, चपला बाहेर काढून आत आले आणि म्हणाले, "इथे आईचा पाटा-वरवंटा असायचा." त्या दोन फरश्या बदलायचा विचार मी तेव्हाच सोडला.

दारं अजून बाकी आहेत. खाली सागवान आहे, एका बिजागरीपाशी दिसतंय. पण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवायची नाही, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. आधी रंगाची तपासणी करून घेणार आहे. तोवर बिजागरीला तेल घातलंय, दार करकरायचं थांबलंय.