माळावर मांडलेला संसार

श्रोतेहो, नमस्कार. पुण्याहून मिरजेकडे गाडीनं जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. पूर्वी त्याचं नाव कुंडल रोड होतं. ज्यांच्या आडनावानं ते आज ओळखलं जातं, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी आज बोलणार आहे. मोठे उद्योगपती म्हणून आपण त्यांना हात जोडतो आणि मोकळे होतो. मला मात्र ते आठवतात घरच्यांना बरोबर घेऊन धंद्यात उतरलेले गृहस्थ म्हणून.

जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेच्या ओढीनं मुंबईला गेले, पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखता येईनात. मग यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि तोच विषय शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे आले. दोघांनी सायकलींचं दुकान थाटलं. रामूअण्णा लोकांना सायकल चालवायला शिकवायचे. दुकानावर पाटी लागली, ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. दोन सख्ख्या भावांची पाटी!

तिथंच कडबा कापायचं यंत्र तयार झालं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आता हा नांगर काय करतो ते बघा. लाकडी नांगर जमीन उकरत जातो. लोखंडी नांगराचा फाळ खाली शिरतो आणि वरचं वक्र पातं मातीचा थर कापून उलटा पाडतो. तणाच्या मुळ्या वर येतात, उन्हात वाळतात. एवढं चांगलं अवजार, पण घेईना कुणी! लोखंडानं जमिनीला विष बाधतं, असं शेतकरी म्हणत. पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत घर कसं चाललं असेल, याचा विचार मनात आला की मला त्यांच्या हिमतीपेक्षा त्यांच्या घरच्यांची हिंमत मोठी वाटते.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोडजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १० मार्च १९१० ला वाडी वसली. माळ कसला, नुसता निवडुंग आणि साप! अशा ठिकाणी भट्टी पेटवायची आणि चुलीही. सुरुवातीच्या दिवसांत सगळ्यांच्या जेवणाचं राधाबाईंनी, लक्ष्मणरावांच्या पत्नीनं, अंगावर घेतलं. कारखान्याच्या इतिहासात ओतकाम येतं, यंत्रं येतात. माझ्या मते ती चूलही त्याच इतिहासात बसते, आणि पहिल्या पानावर.

वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. तुरुंगातून सुटलेल्या, जगानं दारात उभं न केलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या लोखंडाचे नांगर झाले.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. त्यांच्याविषयी बरंच लिहिलं गेलंय. पण त्या माळावर भाकऱ्या थापणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, भट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या कितीतरी माणसांची नावं कुठेच नाहीत. पलूस, कुंडल, रामानंदनगर या भागातल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे, तुमच्या घरात वाडीच्या जुन्या आठवणी सांगणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. नमस्कार.