गणपतीची जास्वंद आणि धर्मशिक्षणाचा वर्ग

नमस्कार श्रोतेहो.

वसईचा कॅथलिक मुलगा बारावी होऊन मुंबईच्या कॉलेजात गेला, की पहिल्या आठवड्यात त्याला एक प्रश्न हमखास येतो. "तू ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलतोस?" विचारणाऱ्याच्या पोटात काही पाप नसतं. पण आपलं पोरगं गडबडतं. घरी सामवेदी बोली, शाळा मराठी माध्यमाची, चर्चमधली रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, मराठीत, लग्नात आजीच्या अंगावर लाल लुगडं. हे सगळं एका वाक्यात सांगायचं कसं? मग तो हसतो आणि विषय बदलतो. आपल्या वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता हा प्रश्न मिटला. कुठला मिटतोय!

तर अशा मुलांसाठी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही काय करतो, ते आज सांगतो. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार, त्याच्या तयारीला आलेली आणि तो संस्कार झालेली, अशी नववीपासून बारावीपर्यंतची मुलं. करायचं एवढंच, की प्रत्येकानं स्वतःची किंवा स्वतःच्या घरातली एक गोष्ट सांगायची. खरी घडलेली. पाच मिनिटांत.

ऐकायला सोपं वाटतं. पण मुलाला उभं करून तुम्ही म्हणालात, "बाळा, तुझ्या श्रद्धेविषयी सांग," तर तो काय सांगणार? प्रवचनात ऐकलेलंच परत ऐकवणार. "येशू माझा मित्र आहे, तो मला संकटात साथ देतो." टाळ्या. बसला खाली. त्याच्या मनात काय आहे, ते तुम्हालाही कळलं नाही आणि त्यालाही नाही. म्हणून आमच्याकडे एकच नियम आहे: प्रसंग विचारा, श्रद्धा विचारू नका. पुन्हा सांगतो, कारण ही गोष्ट फादर, सिस्टर, आईवडील, सगळ्यांनाच जड जाते. प्रसंग विचारा. श्रद्धा विचारू नका. घरातली कुठली वस्तू टाकवत नाही? कोणत्या दिवशी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जावंसं वाटलं नाही? आजोबा कुणाशी भांडले होते? असं विचारा.

आता तो फुलवाल्याचा नातू. ही गोष्ट मी संधी मिळेल तिथं सांगतो. घरचे कंटाळलेत, तुम्ही नव्यानं ऐकताय.

अकरावीतला मुलगा, अबोल. त्याच्या पाळीला उभा राहिला आणि त्यानं घडाघडा संत गोन्सालो गार्सिया यांचं चरित्र म्हटलं. जन्म १५५७ च्या सुमारास, वसई. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीला क्रुसावर हौतात्म्य. १८६२ मध्ये संतपद. एकही सन चुकला नाही. मी म्हटलं, "छान. आता तुझं सांग." तर म्हणतो, "सर, माझं काय असणार? आम्ही फुलवाले."

मी म्हटलं, मग फुलांचंच विचारून ये घरी.

पुढच्या रविवारी आला तो आजीला विचारून. त्याचे आजोबा दादरच्या फूलबाजारात माल न्यायचे. उन्हाळ्यात मोगरा, गणपतीत जास्वंद. कळी उमलायच्या आत खुडावी लागते, म्हणजे अंधारातच कंदील घेऊन वाडीत. ओल्या फडक्यात बांधायचं, टोपली डोक्यावर घ्यायची आणि स्टेशन गाठायचं. (मधेच सांगतो. ज्या वाड्यांत हा मोगरा होता, तिथल्या बऱ्याच ठिकाणी आज सात मजली इमारती आहेत. त्यांची नावं मात्र हौसेनं फुलांवरून ठेवतात. असो.)

लोकलच्या मालडब्यात भाजीवाले, दूधवाले, फुलवाले, आणि त्यांचं भजनी मंडळ. आजोबांचा हात तालाला पक्का, लग्नात बँडमध्ये ढोल वाजवायचे. (तेव्हा आमच्याकडे लग्नात बँड असायचा हो, माणसं वाजवायची. आता डीजे. त्या आवाजात शेजारी बसलेला व्याही काय म्हणतोय ते कळत नाही. कदाचित म्हणूनच लावत असतील.) तर बुवांनी एकदा आजोबांच्या हातात टाळ दिला, तो पुढं कायमचा त्यांचाच झाला. विठ्ठलाचा गजर सुरू झाला की आजोबा गायचे नाहीत, नुसता टाळ वाजवायचे. कुणी त्यांना गा म्हटलं नाही, आणि वाजवू नको असंही म्हटलं नाही.

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, आला की मात्र आजोबा टाळाला हात लावायचे नाहीत. प्रायश्चित्तकाळात वाद्य नको, ही त्यांची शिस्त. पहिल्या वर्षी बुवांना वाटलं, हा रुसला. विचारलं. आजोबा म्हणाले, "आमच्या प्रभूच्या दुःखाचे दिवस आहेत. ईस्टर झाला की वाजवीन." त्यानंतर दर वर्षी ते चाळीस दिवस बुवा तो टाळ पिशवीतून बाहेरच काढायचे नाहीत. दुसऱ्या कुणाला द्यायचेही नाहीत.

इथपर्यंत वर्ग खूश. मलाही वाटलं, झाली गोष्ट. पण पोराची गोष्ट अजून व्हायची होती.

तो म्हणाला, "सर, एका वर्षी आजोबांनी गणपतीत जास्वंद नेलीच नाही." का? तर आळीतलाच कुणीतरी म्हणाला होता, "तुझी फुलं मूर्तीवर जातात. त्या पैशांत तू मुलांचे बाप्तिस्मे करतोस. कसं चालतं तुला?" आजोबांनी उत्तर दिलं नाही. त्या वर्षी जास्वंद झाडावरच उमलून गळाली. फुलवाल्याची वर्षाची कमाई त्या दहा-अकरा दिवसांत होत असते, श्रोतेहो, हे वेगळं सांगायला नको. आजीनं कानातलं मोडलं. त्यावरून घरात पावसाळाभर अबोला.

"आणि पुढच्या वर्षी आजोबा परत जास्वंद घेऊन गेले," मुलगा म्हणाला. "का गेले ते त्यांनी आजीला सांगितलं नाही. मलाही माहीत नाही. संपलं." आणि बसला.

आमचा एक उत्साही शिक्षक लगेच पुढं सरसावला. "तर मुलांनो, यातून आपण सर्वधर्मसमभाव..." मी त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं, अक्षरशः. वर्गात एक क्षण कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण तुला काय वाटतं? का गेले असतील?"

मुलानं बराच विचार केला. म्हणाला, "पैशासाठी." मग थांबून म्हणाला, "आणि टाळासाठी."

मी चाळीस मिनिटांचं व्याख्यान दिलं असतं, तरी त्या दोन शब्दांच्या जवळपास पोहोचलो नसतो. पोट, देव आणि डब्यातली माणसं, तिन्ही एका माणसात होती. नातवानं त्यातलं काही लपवलं नाही, काही चकचकीत केलं नाही. त्यानंतर वर्गात झुंबड उडाली. एकीनं सांगितलं, बाबा इस्पितळात असताना तिनं रोजारीची, म्हणजे जपाची, माळ रागानं फेकली होती आणि धाकट्या भावानं ती गुपचूप उचलून ठेवली. दुसऱ्याची आई लग्नाआधी हिंदू. दिवाळीला मामाकडं जातो, हे त्यानं वर्गात पहिल्यांदाच सांगितलं. आणि फुलवाल्याचा नातू मला नंतर म्हणतो, "सर, गोन्सालो गार्सियासुद्धा आधी व्यापारीच होते ना? जपानच्या बाजूला माल विकायचे. ते मी म्हटलंच नाही त्या दिवशी." सन सगळे पाठ होते, धंदा मात्र गाळला होता. आता तोच त्याला जवळचा वाटायला लागला होता.

थोडं शास्त्र सांगतो, थोडंच. हा प्रकार काही आम्ही शोधलेला नाही. संत ऑगस्टीन यांनी सन ४०० च्या सुमारास स्वतःची कहाणी लिहिली, त्यात सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या झाडावरून पेअर चोरल्याचा प्रसंग आहे. भूक नव्हती, फळंही धड नव्हती, बरीचशी डुकरांपुढं टाकली. एवढा मोठा धर्मपंडित, पण पापाचा विचार करताना पेअरची चोरी सांगतो. प्रसंग! आणि येशूसंघ स्थापन करणारे संत इग्नेशियस. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि आयुष्य फिरलं. ही हकिगत सांगा म्हणून सोबत्यांनी त्यांच्या किती विनवण्या केल्या. अखेरच्या काही वर्षांत त्यांनी ती एका सहकाऱ्याला तोंडी सांगितली, आणि तीही 'मी' न म्हणता. स्वतःला म्हणायचे 'यात्रेकरू'. संतांना इतकं अवघड गेलं, तर आपल्या दहावीच्या पोराला जाणारच. त्यालाही हवं तर 'एक मुलगा होता' असं म्हणून सांगू द्या. अडवू नका.

दुसरी गोष्ट, शेवटाची. गोष्टीचा शेवट मुलाचा. आपण तात्पर्य जोडायचं नाही. मुलगा म्हणाला, "मला अजून प्रार्थना जमत नाही," तर तिथंच थांबायचं. "पण जमेल हं," असंही म्हणायचं नाही. ते म्हटलंत, की पुढचा मुलगा तुम्हाला हवं तेच सांगणार. आणि कृपा करून याला गुण देऊ नका. धर्मशिक्षणात पहिला नंबर आलेली माणसं पुढं कशी निघाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पडद्यावर चित्रं दाखवायचं ते यंत्रही नको. अंधार होतो, पोरं झोपतात.

एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. हे पापनिवेदन नाही. फादरांपुढं सांगितलेलं तिथंच राहतं, इथं पंचवीस मुलं ऐकत असतात. म्हणून बैठकीआधीच सांगून ठेवा: जे सगळ्यांसमोर सांगावंसं वाटत नाही, ते सांगू नका. मोबाईल पेटीत जमा. कुणाची गोष्ट व्हॉट्सअॅपवर गेली, तर तो वर्ग मेला म्हणून समजा. आणि एखाद्या मुलानं स्वतःवर झालेल्या अत्याचाराविषयी काही सांगितलं, तर ती गोष्ट म्हणून ऐकून सोडता येत नाही. वर्गात त्याला खोदून विचारू नका. बाजूला घेऊन शांतपणे ऐका आणि कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग समोरचा माणूस कितीही मानाचा असो. मुलांसाठीचा मदतीचा फोन १०९८. पुन्हा सांगतो, दहा नऊ आठ.

बाकी मे महिन्याची सुट्टी येतेय. ज्यांना आपल्या धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, हे करून पाहायचंय, त्यांनी पहिल्या बैठकीला दहा-बाराच मुलं घ्या आणि गोल बसवा. बाकांवर नको. सुरुवात मोठ्या माणसानं स्वतःच्या प्रसंगानं करा, तोही छोटा. आणि मुलांना आजी-आजोबांकडं पाठवाल, तेव्हा एक आठवणीनं सांगा: दुपारी दोन ते चार जाऊ नका. झोपमोड झालेली आजी एकही गोष्ट सांगत नाही.

नमस्कार.