रात्रीचे वाचन, सकाळचे मत

(बेळगावातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो,

आज येताना मी एक पुस्तक सोबत आणले आहे. त्याला खाकी कागदाचे कव्हर आहे, त्यामुळे नाव तुम्हांला दिसणार नाही, आणि मीही ते घेणार नाही. नाव घेतले की आपण पुस्तकाची जाहिरात तरी करू लागतो किंवा निषेध तरी, आणि मला बोलायचे आहे ते त्याच्या वाचकांविषयी. शहापुरातल्या ज्या वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मी काही वर्षे काम करतो आहे, तिथली ही प्रत. कादंबरी परभाषेतून मराठीत आलेली आहे. बहीण बेपत्ता झालेली एक तरुण वकील, त्या प्रकरणात ज्याच्यावर संशय आहे असा एक श्रीमंत आणि गोड बोलणारा पुरुष, डोंगरउतारावरचे त्याचे घर, पुराव्याच्या शोधात त्या घरात शिरलेली ती आणि शोध बाजूला पडून त्याच माणसात तिचे गुंतत जाणे, एवढे कथानक आजच्यापुरते पुरेसे आहे. प्रकाशक हिला ‘इरॉटिक थ्रिलर’ म्हणतात. आमच्या काउंटरवर तिला ‘तसलं पुस्तक’ म्हणतात, आणि मागणारा माणूस तेवढ्यापुरता आवाज खाली घेतो.

प्रत हातात घेतली की पहिल्यांदा दिसते ती मागच्या पानावरची तारीखपट्टी. ती शिक्क्यांनी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली आहे. त्यानंतर दिसतात ते समास. तो पुरुष ज्या प्रकरणात पहिल्यांदा बाहेरून कुलूप लावून निघून जातो आणि परत आल्यावर ती त्याला मिठी मारते, त्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘छी! अशी बाई असते का?’ त्याखाली निळ्या शाईत वेगळे अक्षर आहे: ‘असते.’ त्याखाली तिसऱ्याने बारीक अक्षरात विचारले आहे, ‘मग पुढे कशाला वाचलात?’ आणि सर्वांत खाली चौथ्याने कन्नड लिपीत एकच शब्द लिहिला आहे, ‘हौदु’, म्हणजे ‘होय’. हे ‘होय’ वरच्या तिघांपैकी कोणाला उद्देशून आहे, हे मला आजवर कळलेले नाही. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हा नियम आहे आणि तो मी स्वतः फलकावर लावला आहे. पण या एका पानापुरता तो मोडल्याबद्दल मी कुणावर रागावू शकलेलो नाही.

प्रकरण समितीपुढे आले ते एका अर्जामुळे. अर्जदार निवृत्त शिक्षक, आयुष्यभर वाचलेले गृहस्थ. त्यांचा आक्षेप केवळ अश्लीलतेचा असता तर तो आम्हांला नवा नव्हता. त्यांनी लिहिले होते की, पुण्यामुंबईतल्या वाचनालयाने असले पुस्तक ठेवले तर ती एका पुस्तकाची गोष्ट होते. सीमाभागात आपण मराठी वाचनालय वर्गणीवर आणि जिद्दीवर चालवतो, इथे मराठीच्या नावाखाली काय कपाटात जाते ते सगळे जग पाहते, म्हणून हे पुस्तक काढून टाकावे, नपेक्षा माझी अनामत परत करावी. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1956 साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून आपल्याकडे मराठी पुस्तक हे नुसते पुस्तक राहिलेले नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा या गावांनी साहित्य संमेलने भरवली, ग्रंथदिंड्या काढल्या, त्यामागे हाच भाव आहे. आणि ज्या वस्तूची दिंडी निघते तिच्यात कुलूपबंद शयनगृह असावे, हे मनाला पटणे अवघड आहे. मी त्यांना उत्तर देताना एवढेच म्हणालो की, 1946 साली याच बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनातून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला बळ मिळाले, आणि त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे राजकारणाबरोबर प्रणयही सढळ हाताने लिहिणारे कादंबरीकार होते. गुरुजी हसले, अर्ज मात्र त्यांनी मागे घेतला नाही.

समितीतल्या वकील सदस्यांनी कायदा सांगितला, तो थोडक्यात सांगतो. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला, खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाने मात्र शिक्षा केली आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. पुस्तक समग्र पाहावे, समकालीन समाजाची धारणा पाहावी, ही दिशा त्या निकालात आहे. आणि ज्याचे मन सहज बिघडेल अशा वाचकाला प्रमाण मानणारी 1868 ची इंग्रजी कसोटी आपल्या न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्टपणे बाजूला ठेवली. हे सर्व ठीक आहे. परंतु आमच्या समासातले भांडण उघडेपणावरून नव्हतेच. त्या पानावर एकही शब्द असा नाही की जो न्यायालयात वाचून दाखवताना वकिलाला अडखळावे लागेल. भांडण होते ते कुलपावरून.

म्हणून आम्ही वाचकांनाच बोलावले. पावसाळ्यातला शनिवार होता, पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की प्रत्येकाला वाक्य दोनदा म्हणावे लागत होते, आणि अशा विषयावर दोनदा म्हणावे लागणे ही शिक्षाच होती. एक तरुण म्हणाला, मिठ्यांची पाने मी उलटून टाकली. माझी तक्रार एवढीच की खुनाचा धागा लेखकाने वाचकापासून लपवला, हे खेळाच्या नियमात बसत नाही. पदव्युत्तर वर्गातली एक मुलगी म्हणाली, हे सगळे एक कल्पित भय आहे आणि ते मला हवे तेव्हा मिटता येते, म्हणूनच मी ते मजेत वाचू शकते. बाहेरच्या भीतीला असे पान नसते. मला तिचे म्हणणे त्या बैठकीतले सर्वांत नेटके वाटले. बैठक संपल्यावर जिन्यात एक बाई थांबल्या होत्या; वरती त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, ती मुलगी म्हणाली मिटता येतं म्हणून. सगळ्यांनाच मिटता येतंय असं नाही.’ आणि छत्री उघडून गेल्या. यावर मी काही बोललो नाही, आजही बोलणार नाही.

पण मला ज्यांनी विचारात पाडले त्या खासबागेतल्या एक आक्का. त्यांच्या घरी माग आहे. त्या म्हणाल्या, ‘मी सगळं वाचलो बघा. दोन रात्रीत संपवलो. सकाळी दूधवाला आला तर दार उघडाय भ्या वाटलं. आणि मग माझाच मला राग आला, रात्री तो माणूस मला बरा कसा वाटला म्हणून.’

मंडळी, आम्ही अर्ज आणि प्रतिक्रिया वाचून दोन गट पाडत होतो, एक संस्कृतिरक्षकांचा आणि एक मोकळ्या मनाचा, आणि या बाईंनी दोन्ही गट एका रात्रीच्या अंतरावर स्वतःतच असल्याचे सांगितले. हे ऐकताना मला आठवला तो काश्मीरचा जुना साहित्यशास्त्रकार अभिनवगुप्त. आपल्या काव्यशास्त्रात शृंगार आणि भयानक हे परस्परविरोधी रस मानले आहेत. बीभत्स आणि रौद्र यांच्याशीही शृंगाराचे जमत नाही. हा कादंबरीप्रकार नेमका त्या विरोधावर उभा आहे, ज्या दाराची भीती वाटते त्याच दाराची ओढ लावणे हा त्याचा धंदा आहे. अशा ठिकाणी शास्त्रकार ‘रसाभास’, म्हणजे रसाचा नुसता आभास, हा शब्द वापरतात, आणि ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथावरच्या ‘लोचन’ टीकेत अभिनवगुप्ताने त्याचे उदाहरण घेतले आहे ते रावणाच्या सीतेवरील अभिलाषेचे. तो दोन गोष्टी सांगतो. पहिली ही की, सीता आपल्याविषयी उदासीन आहे किंवा आपला द्वेष करते ही जाणीव रावणाच्या हृदयाला स्पर्शच करत नाही. ती झाली असती तर त्याचा अभिलाष विरघळून गेला असता. सहमती या विषयावर आज जी चर्चासत्रे होतात, त्यांतल्या बहुतेकांना हे एवढ्या थोड्या शब्दांत सांगता आलेले मी ऐकलेले नाही. दुसरी गोष्ट अशी की, वाचक तन्मय झालेला असतो तोवर त्याला रतीचाच आस्वाद मिळतो आणि तो शृंगारच भासतो, कारण त्या अवस्थेत मागचेपुढचे तारतम्य, त्याच्या शब्दांत पौर्वापर्यविवेक, बाजूला सारलेले असते. आभास आहे हे नंतर कळते.

आक्कांनी हेच सांगितले होते, फक्त त्यांच्या वाक्यात दूधवाला होता. या पुस्तकाविषयी जी मते पडतात ती, माझ्या समजुतीप्रमाणे, माणसामाणसांतल्या फरकापेक्षा वेळेच्या फरकाने पडतात. कुणी रात्रीच्या आस्वादावरून बोलतो आणि सकाळ झालीच नाही असे समजतो. कुणी सकाळच्या विवेकावरून बोलतो आणि आपण रात्रभर जागलो होतो हे दडवतो. अर्जदार गुरुजींनी ज्या पानांचे आकडे अर्जात दिले होते ते शेवटच्या प्रकरणापर्यंतचे होते, हे मी समितीत बोललो नाही, इथे बोलतो आहे, कारण त्यांनी परवानगी दिली आहे. ‘लिहा की, खोटं थोडंच आहे,’ असे ते म्हणाले.

आता रात्रीच्या आस्वादाचाही प्रश्न साधा नाही, कारण तो भाषेतून होतो. अनुवादकाची अडचण मी समजू शकतो. मराठीत शरीराच्या जवळिकीसाठी आज दोनच दुकाने उघडी आहेत, एक संस्कृताचे आणि एक शिवीचे. राम जोशी, होनाजी, सगनभाऊ यांच्या लावणीत जो मधला, अंगणातला सूर होता तो आपण शाळेत शिकवताना गाळला आणि मग विसरलो. परिणामी या कादंबरीत भयाचे प्रसंग रोजच्या मराठीत आहेत, कुलूप कट्‌कन लागते, पायरी करकरते, किल्ली त्याच्या खिशात खुळखुळते. आणि प्रणयाचे प्रसंग सुरू झाले की ओठांचे अधर होतात, कुशीचे बाहुपाश होतात, आणि ती वकील बाई एकदम ‘रोमांचित’ होऊ लागते. मूळ लेखकाला दोन्ही एकाच श्वासात हवे असणार. मराठी वाचकाला मात्र भीती खरी आणि प्रेम छापील वाटते. आमच्या काही वाचकांचा तिटकारा कथेपेक्षा या फटीतून आला आहे, अशी मला शंका आहे. ज्यांनी हीच कथा दुसऱ्या भाषेत वाचली होती, त्यांना नायक अधिक लोभस वाटला होता, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले.

शेवटी माझे मत, कारण समितीच्या सदस्याला ते टाळता येत नाही. पहिले दोन तृतीयांश पुस्तक मला कसबी वाटले. ती बाई स्वतःला रोज एक नवीन सबब सांगते, आज पुरावा मिळाला नाही म्हणून थांबते, उद्या पाऊस आहे म्हणून. आणि वाचक ती सबब तिच्याबरोबर मान्य करत जातो, कारण ती निघाली तर पुस्तक संपेल. वाचकाला असे भागीदार करून घेणे हे सोपे काम नव्हे, आणि मला वाटत होते की हा लेखक आपल्याला पुढे कुठेतरी त्या भागीदारीचा हिशेब विचारणार. तो विचारत नाही. शेवटी उलगडा होतो की बहिणीचा खून घर सांभाळणाऱ्या बाईने केला. आणि नायकाला लहानपणी सावत्र बाप खोलीत कोंडत असे, हेही त्याच प्रकरणात कळते. एका हाताने खुनाचा आरोप उतरवताना लेखकाने दुसऱ्या हाताने कुलपाचा आरोपही उतरवून ठेवला आहे, आणि हे इतक्या सफाईने की रहस्यकथा म्हणून वाचणाऱ्याला ते जाणवतही नाही. खून त्याने केला नाही, हे सिद्ध झाले. कुलूप तर त्यानेच लावले होते, ते आपण सर्वांनी पाहिले होते. त्या तरुणाची तक्रार की धागा लपवला, आणि आक्कांचा राग की तो मला बरा वाटला, या दोन्ही तक्रारी मला या एकाच ठिकाणी येऊन मिळताना दिसतात. तारतम्य रात्री सुटले तर तो वाचकाचा हक्क आहे; सकाळ उजाडू नये अशी व्यवस्था लेखकाने करावी, हे मला मान्य नाही.

पुस्तक काढून टाकावे का? समितीत मी ‘नाही’ म्हणालो, दोघांनी ‘होय’ म्हटले, एकाने घरी विचारून सांगतो म्हटले. तूर्त असे ठरले आहे की प्रत दर्शनी मांडणीवर न ठेवता काउंटरमागच्या कपाटात ठेवावी आणि मागेल त्या प्रौढ सभासदाला द्यावी. कपाटाला कुलूप असावे की नसावे यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि ते शब्द उच्चारताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जे येत होते ते इतिवृत्तात लिहिता आलेले नाही. गुरुजींनी अनामत परत घेतली नाही. प्रत सध्या माझ्याच नावावर आहे; आजच्या व्याख्यानासाठी म्हणून ठेवून घेतली, मुदत उलटून आठ दिवस झाले, आणि काउंटरवरच्या मुलीने आज येतानाच मला दंडाची पावती दिली आहे.