फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा

नमस्कार मंडळी. डिसेंबर लागला की सगळ्या गोव्यात 19 तारखेची, मुक्तिदिनाची गडबड असते, आमच्या घरात मात्र त्याआधी दहा दिवस, 9 तारखेला सगळे जरा गप्प असतात. 9 डिसेंबर 1971, त्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीनं आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, जहाजाचे कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले, आणि त्या 176 मधला एक माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ.

तार आली तेव्हा पेडण्याकडे आमच्या गावात जत्रा होती (तेव्हाच्या जत्रेत दशावतार नीट ऐकू यायचा हो, आता नुसते भोंगे). तार इंग्रजीत. मुक्तीला उणीपुरी दहा वर्षं झालेली, गावातले शिकलेले म्हणजे पोर्तुगीज शिकलेले, म्हणून आजोबा धावत गेले लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेल्या एका म्हाताऱ्या भाटकारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे. त्यांनी चष्मा लावला, काकाचं नाव वाचलं, मग एका शब्दावर बोट ठेवलं, मिसिंग. म्हणाले, हे मिसांव, म्हणजे मोहीम, तुमच्या पोराला कसल्यातरी मोठ्या कामगिरीवर पाठवलाय! झालं. आजोबांनी जत्रेतलं खाजं आणून घरोघर वाटलं, आजीनं देवाला नारळ दिला. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मामा पणजीहून कॉलेजातून आला, त्यानं कौतुकानं तार हातात घेतली आणि तिथंच ओट्यावर बसला.

भाटकारांना नंतर कुणी तोंड दाखवू देईना, पण आजी स्वतः त्यांच्या घरी गेली आणि म्हणाली, "तुमच्यामुळे तीन दीस जास्त जगलो माझो झील."

मिसिंग म्हणजे देह नाही, तिथी कुठली धरायची हा प्रश्न. आजी कित्येक वर्षं श्राद्धच करू देईना. शेवटी भटजींनी सांगितलं, शस्त्रानं गेलेल्यांचं पितृपक्षात चतुर्दशीला करतात, तेव्हा कुठे तयार झाली. पान वाढताना खतखतं मात्र दोनदा वाढायची, त्याला आवडायचं म्हणून.

दीवला टेकडीवर स्मारक आहे, काचेत खुकरीची छोटी प्रतिकृती, समोर समुद्र. तेव्हा दीव आपल्यातलंच, गोवा दमण दीव एकच, कारभार पणजीहून, 1987 ला वेगळं झालं. जाऊन या जमलं तर.

पण आज सांगायचं ते एवढंच, घरात असा कुणाचा युनिफॉर्ममधला फोटो असेल तर मागे नाव लिहा, नंबर लिहा, जहाज किंवा पलटण लिहा. परत सांगतो, नाव, नंबर, पलटण. नुसतं लॅमिनेशन करून आणू नका, त्या लॅमिनेशनवाल्यांनी अर्ध्या गोव्याचे आजोबा चिकटवून ठेवलेत. आणि पेन्सिलीनंच लिहा. बाबांनी शाईच्या पेनानं लिहिलं होतं, ते उलटं होऊन काकाच्या पांढऱ्या शर्टावर उमटलंय, 9-12-71.